प्लास्टिक उद्योगाचं शाश्वततेचं वचन: लिहायचं कसं, मोजायचं कसं, पाळायचं कसं

‘अमुक सालापर्यंत आमच्या मालात तमुक टक्के रिसायकल प्लास्टिक असेल’ अशी वाक्यं आज बहुतेक मोठ्या उत्पादकांच्या वार्षिक अहवालात वाचायला मिळतात. कायद्याने भाग पाडलेलं नसताना उद्योगाने आपणहून दिलेली ही वचनं. काहींनी खरोखर फरक पडला, कित्येक कागदावरच राहिली. असं का होतं हे शोधायला गेलं, की उत्तर बहुधा आकडा ठरण्याआधीच्या कामात सापडतं. काय मोजायचं, साखळीत कुठे मोजायचं, तपासायचं कोणी आणि चुकलं तर काय, हे कागदावर होतं का? होतं तिथे वचन टिकलं. हा लेख नेमका त्या कामाबद्दल आहे. तुम्ही दाणा (ज्यापासून वस्तू बनतात ते प्लास्टिकचे बारीक मणी) बनवणारे असा, मोल्डिंग करणारे, रिसायकलर किंवा उद्योग संघटनेचे पदाधिकारी, पायऱ्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात.

आधी थोडी पूर्वपीठिका

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर रसायन उद्योगावरचा लोकांचा विश्वास पार ढासळला. त्याच काळात, १९८५ मध्ये, कॅनडातल्या रसायन उत्पादकांनी ‘रिस्पॉन्सिबल केअर’ हा स्वेच्छेचा कार्यक्रम सुरू केला आणि तो पुढे अनेक देशांत गेला. प्लास्टिकमधलं सर्वांत अभ्यासण्यासारखं उदाहरण युरोपातल्या पीव्हीसी उद्योगाचं आहे. २००० साली त्यांनी ‘व्हिनाइल २०१०’ नावाचं दहा वर्षांचं वचन दिलं, २०११ मध्ये ‘व्हिनाइलप्लस’ आणि २०२१ मध्ये ‘व्हिनाइलप्लस २०३०’ अशी त्याची पुढची पर्वं आली. वेष्टनांच्या बाबतीत एलेन मॅकआर्थर फाउंडेशन आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ग्लोबल कमिटमेंट’ जाहीर केली. तिची बहुतेक उद्दिष्टं २०२५ साठी होती.

ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या हिशेबानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३५ कोटी ३० लाख टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम ९ टक्के खऱ्या अर्थाने रिसायकल झाला. स्वेच्छेच्या करारांबद्दल याच संस्थेचा २००३ चा निष्कर्षही कडक होता: उद्दिष्टं बऱ्याचदा गाठली जातात, पण करार नसता तरी जे घडलंच असतं त्यापेक्षा फार जास्त काही घडल्याचं क्वचितच दिसतं. वचन लिहायला बसताना हे वाक्य समोर ठेवावं. तुमचं उद्दिष्ट काहीही वेगळं न करता गाठलं जाणार असेल, तर ते जाहीर करून काही साधत नाही.

पायरी १: बारा महिन्यांचा वजनाचा ताळेबंद मांडा

मागच्या पूर्ण आर्थिक वर्षात कारखान्यात किती किलो प्लास्टिक आलं आणि ते कुठे गेलं, याचा हिशेब करा. आत येणाऱ्या बाजूला व्हर्जिन (म्हणजे कोरा, पहिल्यांदाच वापरला जाणारा) दाणा, रिसायकल दाणा, मास्टरबॅच (रंगाचा वगैरे दाट मसाला), फिलर (भर घालणारी पूड). बाहेर जाणाऱ्या बाजूला विकलेला माल, परत आलेला माल, भंगारात दिलेला चुरा, मशीन सुरू करताना निघणारे लोंदे, झाडून काढलेला कचरा, गाळ. दोन्ही बाजू जुळणार नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्या कुणाच्याच जुळत नाहीत. जो फरक राहील त्यावर लगेच ‘इतर’ असं लिहून मोकळे होऊ नका. ओलावा, वजनकाट्याचा फरक, नोंद न झालेला चुरा आणि जमिनीवर सांडून गटारात गेलेले दाणे या फरकातच दडलेले असतात. पुढे पायरी ६ मध्ये याचाच उपयोग होणार आहे.

हे काम खरेदी, स्टोअर आणि उत्पादन विभागाच्या माणसांनी एकत्र बसून करावं. नुसत्या सल्लागाराकडून करून घेतलेला ताळेबंद देखणा असतो, पण शॉप फ्लोअरवर तो कुणी आपला मानत नाही.

पायरी २: ‘रिसायकल’ म्हणजे काय, हे आकड्याआधी लिहा

बहुतेक वचनं इथेच फसतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पर्यावरणविषयक स्वयंघोषित दाव्यांसाठी आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ज्या प्रक्रियेत चुरा निघाला त्याच प्रक्रियेत तो पुन्हा वापरला, तर त्याला रिसायकल प्लास्टिक म्हणता येत नाही. रनर आणि स्प्रू (साच्याच्या वाटेत गोठलेलं जादा प्लास्टिक) आणि नापास नग ग्राइंडरमध्ये टाकून परत हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी, घालणं ही चांगली सवय आहे, पैसे वाचवणारी आहे, पण ती या मोजणीत धरायची नाही. उरलेल्यात दोन प्रकार येतात. पहिला, ग्राहकाच्या हातात जाण्याआधीचा माल, म्हणजे दुसऱ्या प्रक्रियेतून कचरा म्हणून बाहेर पडलेली कापणी वगैरे. दुसरा, वापरून टाकून दिलेला माल.

फरक किती पडतो ते पाहा. समजा, एका कारखान्यात वर्षाला १,००० टन माल तयार होतो. त्यात ७७० टन व्हर्जिन, १०० टन स्वतःचाच चुरा, ८० टन दुसऱ्या कारखान्यातून घेतलेली कापणी आणि ५० टन वापरलेल्या मालापासून केलेले दाणे आहेत. ‘आमच्या मालात २३ टक्के रिसायकल प्लास्टिक’ असं कुणी सहज म्हणेल. मानकाप्रमाणे आकडा १३ टक्के येतो. आणि रस्त्यावरचा, घराघरातला कचरा किती कमी झाला असं विचारलं, तर ५ टक्के. कारखाना तोच, साल तेच, उत्तरं तीन. तुमच्या वचनात यातली कोणती मोजणी आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं. माझा आग्रह असा, की वापरलेल्या मालाचा आकडा कायम स्वतंत्र रकान्यात द्या. लोकांना कळकळ असते ती त्याच आकड्याची.

रिसायकलरांसाठी प्रश्न वेगळा आहे: मोजायचं कुठे? गोळा झालेल्या गठ्ठ्यांचं वजन, वॉश लाइनला चढलेलं वजन की एक्सट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या दाण्याचं वजन? गठ्ठ्यात लेबल, झाकणं, माती, पाणी, दुसऱ्या जातीचं प्लास्टिक असं सगळं असतं, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात मोठी तफावत पडते. युरोपियन संघाने २०१९ मध्ये नियम बदलून वेष्टनांची मोजणी प्रत्यक्ष रिसायकलिंग प्रक्रियेच्या तोंडाशी आणली, ती याच कारणाने. तुमचा हिशेब निघालेल्या दाण्यावर ठेवा. शक्य असेल तर चढलेलं वजनही शेजारी द्या, म्हणजे उतारा किती पडतो ते वाचणाऱ्याला दिसेल.

पायरी ३: पायाभूत वर्ष, छेद (टक्के कशाचे काढायचे) आणि टप्पे

टक्केवारीचं उद्दिष्ट आणि टनांचं उद्दिष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिसायकलचं प्रमाण ५ वरून १० टक्क्यांवर गेलं, पण एकूण उत्पादन दीडपट झालं, तर व्हर्जिन प्लास्टिकही वाढलेलंच असतं. म्हणून दोन्ही लिहा: प्रमाण किती आणि एकूण व्हर्जिन किती टन. पायाभूत वर्ष एकदाच ठरवा. एखादा कारखाना विकला किंवा विकत घेतला तर ते वर्ष नव्याने कसं मोजायचं, हेही त्याच वेळी ठरवून ठेवा. मंदीचं किंवा बंद पडलेल्या महिन्यांचं वर्ष पाया म्हणून घेऊ नका.

कच्चं वाक्य असं असतं: ‘२०३० पर्यंत आम्ही रिसायकल प्लास्टिकचा वापर लक्षणीयरीत्या वाढवू.’ पक्कं वाक्य असं: ‘आमच्या सर्व कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाच्या वजनात, वापरून टाकलेल्या मालापासून केलेल्या दाण्याचं प्रमाण पायाभूत वर्षातल्या ५ टक्क्यांवरून तिसऱ्या वर्षअखेर ९ टक्के आणि सहाव्या वर्षअखेर १५ टक्के होईल. स्वतःचा चुरा यात धरलेला नाही.’ दुसऱ्या वाक्यात पळवाट शोधावी लागते, पहिल्यात ती आयतीच आहे.

व्हिनाइल २०१० ने टनांमध्ये उद्दिष्ट ठेवलं होतं. २०१० मध्ये त्यांच्या यंत्रणेतून २ लाख ६० हजार टनांहून अधिक पीव्हीसी रिसायकल झालं. पुढच्या दशकासाठी ८ लाख टन ठरवले, पण २०२० मध्ये, महामारीच्या वर्षात, आकडा ७ लाख ३१ हजारांच्या आसपास थांबला. उद्दिष्ट चुकलं आणि ते चुकल्याचं त्यांच्याच अहवालात आलं. दरवर्षीचा आकडा आधीपासून छापला जात होता म्हणूनच हे शक्य झालं.

पायरी ४: खरेदी विभागाला बांधून घ्या

वचनावर सही संचालकांची असते, पण ते मोडतं खरेदीच्या टेबलावर. व्हर्जिन दाण्याचा भाव तेल आणि वायूच्या भावामागे फिरतो. रिसायकल दाण्याचा खर्च मात्र गोळा करणं, निवडणं, धुणं आणि वीज यांवर ठरतो, त्याला तेलाशी फारसं देणंघेणं नसतं. तेल स्वस्त झालं की व्हर्जिन स्वस्त होतं, खरेदीवाले त्या दिवशीच्या भावाकडे बघून तिकडे वळतात आणि मधल्या काळात रिसायकलर बंद पडतो. पुन्हा गरज लागते तेव्हा तो नसतो.

यावर उपाय करारातच आहे. रिसायकल दाणा घेण्याचे करार दोन-तीन वर्षांचे करा आणि किमान किती टन घ्यायचे ते त्यात लिहा. भाव व्हर्जिनच्या भावाला न बांधता गठ्ठ्यांच्या आणि विजेच्या खर्चाला बांधा. खरेदी प्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात ‘वाचवलेले पैसे’ आहेतच, त्याच्या शेजारी ‘घेतलेले रिसायकल टन’ हाही रकाना टाका. या पायरीसाठी अर्थसंकल्पात वेगळी रक्कम नसेल तर वचन जाहीर करायची घाई करू नका, ते निभणार नाही.

पायरी ५: माल असा बनवा की तो परत येऊ शकेल

रिसायकल दाणा विकत घेणं हे अर्धं काम. आपला माल पुढे रिसायकलरच्या पट्ट्यावर गेल्यावर काय होतं, हे बघणं हे उरलेलं अर्धं.

तीन गोष्टी बघा. कार्बन ब्लॅक (काजळीसारखा काळा रंग) घातलेला काळा माल निवड यंत्रातल्या अवरक्त प्रकाशाला दिसत नाही. तो प्रकाश शोषून घेतो, परत काही येत नाही, आणि चांगला पीपीचा (पॉलिप्रोपिलीनचा) ट्रे सरळ कचऱ्यात जातो. दुसरी गोष्ट, बाटलीला पायापासून मानेपर्यंत गुंडाळलेली वेगळ्या प्लास्टिकची स्लीव्ह. यंत्र स्लीव्ह वाचतं, बाटली वाचत नाही. तिसरी गोष्ट पीईटी आणि पीव्हीसीच्या मिसळीची. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यावर तरंगतात, त्यामुळे टाकीत सहज वेगळे होतात. पीईटी आणि पीव्हीसी मात्र दोन्ही बुडतात, दोघांची घनता जवळजवळ सारखीच. पीईटी वितळवायला २६० अंशांच्या वर जावं लागतं आणि तोवर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो. थोडकं पीव्हीसी गेलं तरी पीईटी पिवळं पडतं, ठिसूळ होतं, यंत्राला गंजही लागतो.

म्हणून प्रत्येक उत्पादनाचा एक नमुना रिसायकलरच्या खऱ्या लाइनवर चालवून बघा आणि निकाल लिहून ठेवा. ‘रिसायकल होण्याजोगं’ हा शब्द या चाचणीनंतरच वापरावा.

जुन्या मालाचा प्रश्न याहून अवघड आहे. खिडक्यांच्या चौकटी आणि पाइप कित्येक दशकं टिकतात, त्यामुळे आज रिसायकलला येणाऱ्या पीव्हीसीत त्या काळचं शिशाचं स्टॅबिलायझर (प्लास्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून घातलेलं द्रव्य) असतं. युरोपातल्या उद्योगाने शिशाचा नवा वापर २०१५ अखेर आपणहून थांबवला, ही या वचनाची सर्वांत भक्कम कमाई. पण जुनं शिसं मालासोबत परत येतच राहतं. युरोपियन संघाने २०२३ मध्ये पीव्हीसीतल्या शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. जुन्या कडक पीव्हीसीपासून बनवलेल्या ठरावीक वस्तूंना मुदतीची सूट दिली, तिथे मर्यादा १.५ टक्के आहे. तुमच्या वचनात टिकाऊ माल येत असेल तर ‘किती टन’ याच्यासोबत ‘आत काय काय आहे’ हेही लिहावं लागेल. शिसं किंवा जुने प्लॅस्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं) असलेला दाणा खेळण्यात किंवा अन्नाच्या संपर्कात जाणार नाही, हे ठणकावून लिहा आणि लॉटनिहाय तपासा.

पायरी ६: सांडलेल्या दाण्यांच्या मागे जा

दोन ते पाच मिलिमीटरचा दाणा. जमिनीवर पडला की घरंगळतो, पावसाच्या पाण्यासोबत नाल्यात जातो, तिथून नदीत, समुद्रात. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळून बुडालं तेव्हा सुमारे १,६८० टन दाणे त्याच्यावर होते आणि किनारे पांढऱ्या थराखाली गेले. ते सगळ्यांनी पाहिलं. रोज मूठ-मूठ सांडतं ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

हातात वही घेऊन दाण्याच्या वाटेने चाला. टँकरच्या नळीची जोडणी सोडताना नळीत उरलेले दाणे खाली पडतात, तिथे ट्रे आहे का? फोर्कलिफ्टच्या काट्याने गोणी फाटते, तिला चिकटवायची टेप जवळ असते की ऑफिसातून आणावी लागते? नमुना काढायला गोणीला पाडलेलं भोक बुजवलं जातं का? सायलोच्या फिल्टरखाली काय साचलं आहे? मग बाहेर पडा आणि आवारातल्या प्रत्येक गटाराच्या तोंडाशी वाका. जाळीची भोकं तुमच्याकडच्या सर्वांत लहान दाण्यापेक्षा बारीक हवीत. जाळी शेवटची कधी साफ झाली हे तिच्याकडे पाहून कळतंच. झाडूऐवजी व्हॅक्यूम ठेवा, आणि तो माणसाला दहा पावलांत सापडेल अशा जागी ठेवा. कुलपात ठेवलेला व्हॅक्यूम कुणी वापरत नाही.

‘ऑपरेशन क्लीन स्वीप’ हा याच कामाचा उद्योगाने अमेरिकेत सुरू केलेला कार्यक्रम बरीच वर्षं चालू आहे. त्यातली कार्यपद्धती चांगली आहे, पण फार काळ सही केली की काम झालं असं चाललं, बाहेरची तपासणी नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपियन आयोगाने दाण्यांच्या गळतीवर कायद्याचाच प्रस्ताव आणला. जिथे स्वेच्छेच्या कार्यक्रमात कडक तपासणी येत नाही, तिथे आज ना उद्या कायदा येतो. म्हणून सही करताना गळती किलोमध्ये मोजायचं ठरवा आणि पायरी १ मधला न जुळलेला फरक दरवर्षी खाली आणा.

पायरी ७: तपासणी बाहेरच्याकडे द्या

रिसायकल दाण्याच्या प्रत्येक लॉटमागे कागद हवा: गठ्ठा कुठून आला, कधी धुतला, कोणत्या लॉटमध्ये मिसळला. युरोपियन मानक ईएन १५३४३ याच मागोव्याबद्दल आहे. रासायनिक रिसायकलिंगमध्ये कचऱ्यापासून केलेलं तेल नॅफ्थासोबत (खनिज तेलातून मिळणाऱ्या कच्च्या मालासोबत) एकाच क्रॅकरमध्ये, म्हणजे रेणू तोडणाऱ्या भट्टीत, जातं, तिथे कोणता रेणू कुठे गेला हे सांगता येत नाही, म्हणून पुस्तकी वाटप होतं. याला मास बॅलन्स म्हणतात. ही पद्धत मान्य आहे, पण लेबलवर ‘मास बॅलन्सनुसार’ हे शब्द टाका आणि जो भाग इंधन म्हणून जळला तो त्यातून वजा करा. त्या पिशवीत खरोखर रिसायकल प्लास्टिक आहे असं ग्राहकाला वाटू देणं योग्य नाही.

युरोपातल्या पीव्हीसी उद्योगाने देखरेख समितीत युरोपियन संसदेतले सदस्य, आयोगाचे अधिकारी, कामगार संघटना आणि ग्राहक संघटनांना जागा दिली. लहान संघटनेला एवढं जमणार नाही, पण किमान एक पर्यावरण अभियंता आणि एक ग्राहक प्रतिनिधी, दोघेही उद्योगाच्या पगारावर नसलेले, एवढं जमतं. त्यांना कच्ची आकडेवारी बघायचा अधिकार लेखी द्या.

पायरी ८: संघटना म्हणून एकत्र येताना वकील जवळ ठेवा

एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन आयोगाने १५ मोटार कंपन्या आणि त्यांच्या युरोपियन संघटनेला मिळून सुमारे ४५ कोटी ८० लाख युरो दंड केला. जुन्या गाड्या मोडणाऱ्यांना पैसे द्यायचे नाहीत आणि गाडीचा किती भाग रिसायकल होतो याची जाहिरात करायची नाही, असं त्यांनी संगनमताने ठरवलं होतं. शाश्वततेच्या बैठकीत भाव, खरेदीची रक्कम किंवा ‘यापेक्षा जास्त कुणी करायचं नाही’ असा विषय निघाला, की बैठक तिथेच थांबवा. समान किमान पातळी ठरवता येते, कमाल पातळी कधीच नाही. सदस्यांचे आकडे त्रयस्थाकडे पाठवा, त्याने फक्त बेरीज परत द्यावी. वर्गणी उत्पादनाच्या टनांप्रमाणे ठेवा, म्हणजे फुकट नाव लावणारे कमी होतात. सलग दोन वर्षं आकडे न देणाऱ्याचं नाव यादीतून काढायचं, हे नियमात आधीच असू द्या.

पायरी ९: चुकलं तर

२०२४ मध्ये युनिलिव्हरने व्हर्जिन प्लास्टिक २०२५ पर्यंत निम्मं करायचं उद्दिष्ट बदलून २०२६ पर्यंत ३० टक्के कपात असं केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कोका-कोलानेही वेष्टनांची उद्दिष्टं खाली आणून मुदत २०३५ पर्यंत लांबवली. उद्दिष्ट बदलावं लागू शकतं, पुरवठा नसतो, अन्नाच्या दर्जाचा दाणा मिळत नाही. पण बदल कसा जाहीर करायचा हे आधीच लिहून ठेवा, कारण चुकल्यावर लिहायला बसलं की हात आखडतो.

नियम असे ठेवता येतील. जुनं उद्दिष्ट अहवालातल्या तक्त्यात नव्याच्या शेजारी किमान पाच वर्षं दिसलं पाहिजे. कारण देताना आपल्या हातात होतं ते आणि नव्हतं ते वेगवेगळं लिहायचं. मुदतीच्या एक वर्ष आधी ‘गाठू की नाही’ याचा अंदाज छापायचा, मुदत उलटून गेल्यावर नाही. युरोपियन संघात सप्टेंबर २०२६ पासून लागू होणारा ग्राहक संरक्षणाचा नवा निर्देश भविष्यातल्या पर्यावरण दाव्यांसाठी मोजता येणारी उद्दिष्टं, सविस्तर अंमलबजावणी आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञाची नियमित तपासणी मागतो. वरच्या पायऱ्या केलेल्या असतील तर त्या कागदांची फाइल तुमच्याकडे तयारच असेल. नसतील, तर पुढच्या आठवड्यात स्टोअरमधलं इनवर्ड रजिस्टर आणि वजनकाट्याच्या पावत्या काढून पायरी १ पासून सुरुवात करा.